सतरा नंबरची चिठ्ठी

हॅलो?… कोण?… चिमे? अगं, या वेळेला? थांब, आधी एक सांग. कुणी गेलं का?… नाही ना?… नक्की?… हुश्श. आपल्या वयात भर दुपारी फोन वाजला की मी आधी खुर्ची शोधते. बसले. हं, बोल आता.

काय, कुठलं साल?… शहात्तर. … हो, हो, शहात्तरच, त्यात काय आठवायचंय. फेब्रुवारी होता, शनिवार. तुझ्या दादाची रेकॉर्ड आमच्या लायब्ररीत आली तो शनिवार. कोट घालून आला होता ती द्यायला. कोट बँडमधल्या बास गिटारवाल्याचा होता, बाह्या हाताबाहेर लोंबत होत्या. … अगं, मला कालची भाजी विचारलीस तर सांगता येणार नाही. शहात्तर विचार, सगळं पाठ आहे.

पण आज हे कुठून काढलंस?… कोण बाई?… रेकॉर्डिंगवाली. बरं. … पुन्हा काढणार? काय, दादाच्या बँडची, 'तळघर'ची रेकॉर्ड?… ते 'ओलं सिमेंट'?… चिमे, थट्टा करू नकोस, माझं जेवण अजून खाली उतरलेलं नाही. पन्नास वर्षांनी ती कोण ऐकणार?… तीनशे प्रती काढतेय? म्हणजे तेव्हापेक्षा शंभर जास्तच. आणि तेव्हाच्या दोनशेपैकी दीडशे तुमच्या जिन्याखाली पडून होत्या. तुझी आई त्यांच्यावर कुंड्या ठेवायची. … हो गं, जास्वंदीची कुंडी. एवढी ऐकणारी एकटी ती जास्वंद, असं म्हणायचा तुझा दादा.

नाही, मला आनंदच झालाय. खरंच. चार पोरं, एक तळघर, शेजारच्यांच्या शिव्या, आणि त्यातून एक रेकॉर्ड. कुणीतरी परत विचारतंय हे चांगलंच आहे. … हो, ऐकतेय. … सोबत पुस्तिका निघणार. बरं. … फोटो, गाण्यांचे शब्द… आणि?

… चिठ्ठी? कसली चिठ्ठी?

… हां, हां. त्या चिठ्ठ्या होय. … नाही, काही नाही झालं, पाणी प्यायले जरा. … तिला समजावून हवाय सगळा प्रकार? पुस्तिकेत घालायला? तू लिहून घेतेयस का? मग हळू सांगते.

हे बघ. कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमची लायब्ररी. पुस्तकांची असते तशीच, फक्त रेकॉर्डची. आठवड्याला एक घरी न्यायची. ज्यांच्या घरी प्लेयर नाही त्यांच्यासाठी आतल्या खोलीत तीन मशीनं, तीन खुर्च्या, तीन हेडफोन. आणि प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरमध्ये एक कागदी खिसा चिकटवलेला. रेकॉर्ड परत करताना एक चिठ्ठी लिहून त्या खिशात टाकायची. कशी वाटली ते. एक ओळ तरी हवीच. नाही लिहिली तर मोठ्या बाई पुढची रेकॉर्ड हातात देत नसत, मग समोर कलेक्टर का असेना. … मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख गं. आणि दुसरा नियम असा, की चिठ्ठीवर नाव नाही टाकायचं. फक्त सभासद नंबर. मोठ्या बाई म्हणायच्या, खाली नाव आलं की माणूस गोड बोलायला लागतो.

… लिहिलंस? पुढे.

लोक काय एकेक लिहायचे म्हणून सांगू. बारा नंबर म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. त्याला गाण्यात फक्त बास ऐकू यायचा. कुठल्याही बँडची रेकॉर्ड असो, चिठ्ठीवर एकच ओळ, 'बास उत्तम, गाणारा मध्ये मध्ये येतो.' नऊ नंबर दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी 'व्हाइट फर्नेस'च्या दुसऱ्या अल्बमवर लिहिलं होतं, 'गिटार ऐकून आमच्या जुन्या यंत्राची आठवण झाली, तरी पेशंट गप्प बसतात म्हणून दवाखान्यात लावते.' सोळा नंबर गणिताचे मास्तर. ते मत देतच नसत, गुण द्यायचे. शंभरपैकी. साठाच्या वर कुणीही गेलं नाही. एकदा एकसष्ट दिले आणि आठवड्याने येऊन खोडून अठ्ठावन्न केले. अठरा नंबर एक नर्स होती, रात्रपाळी करून सकाळी यायची, हेडफोन लावून तिथेच झोपायची आणि उठून लिहायची, 'फार विश्रांती मिळाली.'

… हो ना. आता कोण लिहितं असं. आता फोनवर नुसता अंगठा दाखवतात.

… हे? हे एकोणीस नंबर. तुला माहीत नाही? अगं चिमे, आमचं जमलंच चिठ्ठ्यांवर. एवढं तुला सांगितलं नव्हतं का मी?… ऐक ना मग. 'टॉल टेलर्स'चा तो अल्बम आला होता, ज्याच्या कव्हरवर नुसती शिडी आहे. ह्यांनी त्याच्यावर चिठ्ठी नाही, अख्खं पान लिहिलं. टाचणीने लावलं. 'हा अल्बम म्हणजे उधळलेला घोडा आहे. आता यापुढे कुणी काही वाजवू नये, वाजवायचं सगळं वाजवून झालं.' मला असा राग आला. मी ती रेकॉर्ड स्वतः ऐकली होती, आणि मला ती इतकी संथ वाटली होती, की मध्ये उठून खिडकी लावून आले तरी तीच ओळ चालू. मी खाली लिहिलं, 'घोडा बसलेला आहे.' त्यांनी पुढच्या आठवड्यात लिहिलं, 'घोड्याला दोष देण्याआधी स्वाराने कान तपासावेत.' असं सात महिने. शेवटी हे काउंटरवर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, तो बसलेला घोडा कुणी लिहिला ते मला कळायलाच हवं.

… हो, आहेत ना, आत आहेत. रेकॉर्डी पुसतायत. दर बुधवारी पुसतात. एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्यानेही हवं तेवढंच येतं, पण पुसणं चुकत नाही. आणि घोड्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. पन्नास वर्षांत ती रेकॉर्ड ह्या घरात लागलेली नाही. मी लावू दिली नाही.

… हं. … हो, वाच.

… 

… वाचलंस?

… नाही, ऐकू आलं. 'दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, सहा मिनिटं दहा सेकंद. त्यातली दोन मिनिटं ड्रमर झोपेत आहे. गायकाला सर्दी झालेली आहे. कव्हर चांगलं आहे.' … खाली नंबर सतरा.

… कुठे सापडली ही?… दादाकडेच होती? लायब्ररी बंद झाली तेव्हा त्याने आपली रेकॉर्ड मागून घेतली, खिशासकट. असं. … आणि ही पुस्तिकेत छापायची? ही का पण? बाकीच्या असतील ना. … अकरा आहेत. मग त्या छापा. … सगळ्यांवर 'छान' लिहिलंय. हं.

सतरा? नाही गं, सतरा कोण होतं ते कसं आठवणार. किती माणसं यायची. … हो, बारा शिंपी सांगितला. … हो, सोळा मास्तर, अठरा नर्स, खरं आहे. … अगं, ते लक्षात राहण्यासारखे होते. सतरा कुणीतरी साधंच असणार. येऊन गेलं असेल. … पुरुष की बाई तेही नाही आठवत.

… आजच? का, आजच का हवंय?… पाच वाजता छापायला जाणार. आणि ज्याने लिहिलंय त्याची परवानगी मिळाल्याशिवाय दादा छापू देत नाही म्हणतो. … तो म्हणाला तिला विचार? मला विचार म्हणाला? मलाच का?… काउंटरवर मी होते म्हणून. हो. तेही खरंच.

… माझा? माझा कसला नंबर. नोकरीवर होते मी. आम्हाला नंबर नव्हते.

… मग काय? घोड्यावर लिहिलं, हो. … हो, चिठ्ठी म्हणजे… आता घोड्याखाली मी काय लिहिलं असेल नंबर म्हणून, ते…

… चिमे.

… चिमे, जरा थांब. एक मिनिट. ह्यांचं दार लोटून घेते.

… हं. आले. आहेस ना?

मी होते. सतरा मीच होते. मोठ्या बाईंनी मलाही नंबर दिला होता, म्हणाल्या, काउंटरवरच्या माणसाचं मत सर्वांत खरं, तो दिवसभर ऐकतो. … नाही, तू बोलू नकोस आता, मला बोलू दे, नाहीतर परत जमायचं नाही.

मी बावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं मला फार कळतं. आणि तुझा दादा म्हणजे… आपल्या घरचा. मी म्हटलं, आपला आहे म्हणून गोड लिहायचं नाही. नियम म्हणजे नियम. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि वेळ लावून ऐकलं. जे ऐकू आलं ते लिहिलं. शनिवारी लिहिलं आणि सोमवारी तो आला. त्याला आपण टकटक का म्हणायचो, तुला ठाऊक आहे. बँडचा ड्रमर तो, काउंटर असो, जेवणाचं टेबल असो, कुणाची पाठ असो, बोटं चालूच. तर आला, काउंटरवर टकटक करत म्हणाला, आमच्यावर काही आलंय का बघू. मी कव्हर दिलं. काय करणार. त्याने ती चिठ्ठी वाचली आणि बोटं थांबली, चिमे. माझ्या डोळ्यांसमोर थांबली. बराच वेळ नुसता उभा होता, ओठ हलवत. मग चिठ्ठी नीट घडी करून परत कव्हरच्या खिशात ठेवली आणि जिना उतरून गेला.

आणि महिन्याभरात ड्रम गेले. मी खिडकीत होते. टेम्पोत चढवत होते. मोठा ड्रम, छोटे दोन, त्या पितळी थाळ्या चादरीत गुंडाळलेल्या. तो शाळेच्या बँडला देऊन मोकळा झाला. त्यानंतर तो वाजवायला बसला नाही, बसला का?… बघ ना.

मी कुणालाही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. त्याच्या लग्नाला मी आले नाही, ताप आला म्हणून कळवलं. ताप नव्हता. … नाही, मुळीच नव्हता, मी घरात बसून मोजे शिवत होते. तो कामाला होता त्या छापखान्याच्या बाजूने मी गेली पन्नास वर्षं जात नाही, भाजीला सुद्धा मागून वळसा घालते. एका माणसाचे हात मी बंद केले, एका कागदाच्या कपट्यावर. आणि तू दर वाढदिवसाला मला फोन करतेस.

… हसतेस काय? यात हसण्यासारखं काय आहे?… चिमे, मी एवढं बोलले आणि तू…

… काय?

… कोण शेजारी बसलंय?

… म्हणजे मी मघापासून स्पीकरवर आहे?… कधीपासून?… जास्वंदीपासून. चिमे, तू शाळेत होतीस तशीच राहिलीस, चोंबडी. मी ठेवते फोन. … नाही, ठेवते. … नाही, त्याच्याशी काय बोलणार मी, त्याने सगळं…

… हॅलो.

… हो दादा. मीच.

… बरी आहे. तू कसा आहेस?… हं. … हो, गुडघे आमचेही तसेच.

… माहीत होतं? केव्हापासून?… सोमवारीच? कसं?… हिरवी शाई. … अरे देवा. हो. परतीचा शिक्का मारून आम्ही हिरव्या शाईने सही करायचो. तेच पेन होतं. अख्ख्या लायब्ररीत हिरवी शाई दोघींकडे, आणि मोठ्या बाई चिठ्ठ्या लिहीत नसत. मी गुप्त राहिले म्हणून पन्नास वर्षं… बरं, मग बोलला का नाहीस?… मी दिसतच नव्हते? खरं आहे. दिसू देत नव्हते. … तुला वाटलं, मला तू आवडत नाहीस. छे रे. असं कसं वाटलं तुला?… हो, लग्नाला आले नाही, वळसे घातले, म्हणजे दुसरं काय वाटणार.

पण ड्रम, दादा. ड्रम का दिलेस?

… काय?… जागा?… लग्न ठरलं आणि खोली एकच. … मोठा ड्रम ठेवला तर पलंग बसेना. … हो. पलंगच निवडणार माणूस. … आणि छापखान्यात सकाळची सहाची पाळी. … गायक तोवर बदलीवर गेला होता? मार्चमध्येच?… हे मला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे बँड आधीच… चिठ्ठीचा काहीच…

… काहीच संबंध नाही?

… खरं सांगतोयस? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?… वहिनींची शपथ नको घेऊ, त्या बिचाऱ्या कशाला मध्ये.

… थांब. एक मिनिट थांब हं दोघं. … नाही, रडत नाहीये. चष्मा पुसतेय.

… हं. पण मग बोटं का थांबली? मी पाहिलंय, दादा. तू खिळल्यासारखा उभा होतास.

… मोजत होतास?… काय मोजत होतास?… गाणं? तिथे उभ्या उभ्या मनात सगळं गाणं मोजलंस?… आणि ते पाच चाळीसच येत होतं. सहा दहा नाही. … म्हणून ओठ हलत होते. … झोपेत म्हटलं त्याचं काही नाही, पण सहा दहा कसं ते कळेना. … आणि ते अजून कळलं नव्हतं? पन्नास वर्षं तुला तीस सेकंद छळत होते?… वहिनी म्हणतात झोपेतही मोजतोस. … अरे पण मी घड्याळ लावून… दोनदा लावलं होतं. माझं घड्याळ चोख होतं, पुढे बँकेत लागले तेव्हा साहेब आपलं त्यावरून लावायचे.

… काय म्हणाली ती रेकॉर्डिंगवाली?… तिच्याकडे मूळ टेप आहे. पाच चाळीस. बरं. … तिने टेप मुद्दाम हळू लावली. … सहा दहा होईपर्यंत हळू. … आणि?

… गायकाला सर्दी झाली.

… सर्दी झाल्यासारखाच आवाज आला? आणि तू पेंगायला लागलास?… म्हणजे लिहिणाऱ्याचे कान शंभर टक्के बरोबर होते, मशीन मंद होतं. असं म्हणाली ती?

… कुठल्या मशीनवर… तिसऱ्या. मी कायम तिसऱ्यावरच ऐकायचे, त्याची खुर्ची डुगडुगायची म्हणून सभासद तिथे बसत नसत. पण त्याला काही झालेलं नव्हतं रे, चांगलं चालू होतं. उलट पहिल्या दोनपेक्षा आवाज कमी करायचं. पट्टा तुटला होता तेव्हाच काय ते दोन दिवस बंद…

… 

… अरे देवा.

… नाही, आहे मी, आहे. दादा, पट्टा. खालची तबकडी फिरवायला आत रबरी पट्टा असतो ना, तो तुटला होता. आदल्या वर्षी, जूनमध्ये. मोठ्या बाई म्हणाल्या, मेकॅनिक येईपर्यंत काहीतरी कर. मी टपालाच्या गठ्ठ्याचे दोन रबर काढले आणि लावले. बसले की छान. मलाच माझं कौतुक. … दोन रबर, हो. घसरणारच ना ते. … मेकॅनिक? मेकॅनिक कसला येतो. तो शेवटपर्यंत आला नाही. मशीन चालू होतं, कोण बोलावणार.

हसा. दोघंही हसा. वहिनीही आहेत का तिथे? त्यांनाही हसू दे.

… पण दादा, तुला कळतंय का हे किती… अरे, मी दीड वर्ष त्या रबरांवर ऐकलंय. सगळं. 'व्हाइट फर्नेस' मला म्हाताऱ्यांचा बँड वाटायचा. 'कॉपर बेल्स'मध्ये ती बाई गाते हे मला त्यांचा फोटो बघून कळलं, मी तिला पुरुष समजत होते. ज्याच्या त्याच्या चिठ्ठीवर मी लिहायचे, संथ, सर्दी, झोप, संथ. नर्स शेजारच्या खुर्चीत झोपायची आणि मी म्हणायचे, बघा, रॉक रॉक म्हणतात ते हेच. माझी तरुणपणाची सगळी मतं त्या दोन रबरांची आहेत.

… आणि घोडा.

… हो, तेच आलं माझ्याही मनात. हे बरोबर होते. ह्यांच्याकडे घरचा प्लेयर होता, नवा. ह्यांचा घोडा खरंच उधळलेला होता. … नाही, नाही, चिमे, तू अजिबात सांगायचं नाहीस ह्यांना. आमच्या घरात मला तोंड दाखवायचंय.

… परवानगी? अरे, छापा. नाव घालून छापा. पण एवढंच नको रे, वाचणाऱ्याला वाटेल की तू खरंच… खाली काहीतरी लिहा, मशीन बिघडलेलं होतं म्हणून. … दुसरी चिठ्ठी? माझी? मी कशी लिहू, मी ते धड ऐकलेलंच नाहीये. नियम आहे, ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. … आत्ता? फोनवर?… वाजले किती?… तीन. वेळ आहे म्हणा. … थांब. घड्याळ आणते. … तेच गं, दुसरं कुठलं. पट्टा तीनदा बदलला, घड्याळ तेच आहे. रबर नाही लावलेला, चामड्याचा पट्टा.

… हं. बसले. कानाला लावलाय. लाव.

… 

… नाही, बोलत नाहीये मी, तुम्हीही बोलू नका.

… 

… अगंबाई.

… 

… 

… इथे. इथेच मी झोपलेला म्हटलं होतं. हा तर पळतोय. थाळ्यांवर पळतोय.

… 

… संपलं?… पाच चाळीस. बरोबर पाच चाळीस, दादा. तुझे तीस सेकंद परत घे बाबा, मला माफ कर.

… काय आवाज आहे तो?… टकटक. टेबलावर?… चालू दे. चालू दे, थांबवू नकोस. किती वर्षांनी.

… हं, घे लिहून. चिमे, तू घे, त्याला वाजवू दे. लिही, 'पुन्हा ऐकलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद. ड्रमर पूर्ण वेळ जागा आहे. गायकाची सर्दी बरी झाली.' … थांब, झालं नाही. 'मधलं गिटार अजूनही लांब आहे.' … हो, लिही. … आपला आहे म्हणून काय झालं. मोठ्या बाई वरून बघतायत. खाली, सतरा. … हिरव्या शाईत छापणार? तुमची मर्जी.

… शेवटच्या पानावर कोण कुठे आहे ते? मला विचारून काय, तूच सांग, मी जोडते. … गिटारवाला पोस्टात लागला, हो. तिथेही काम लांबवायचा, तीन वाजताचं टपाल पाचला. आता मुलाकडे असतो. … गायक परत आलाच नाही बदलीवरून, तिकडेच घर केलं, तिकडे थंडी फार. आता त्याला खरंच सर्दी असते, मला नवीन वर्षाला पत्र येतं त्याचं. … बासवाला गेला, तीन वर्षं झाली. शिंपी तोवर असता तर रडला असता, पण शिंपी आधीच गेला. त्याचा कोट दिलास का रे परत? बासवाल्याचा, लांब बाह्यांचा?… अजून तुझ्याकडेच आहे. बरं. असू दे. … मोठ्या बाई शहाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या, शेवटपर्यंत हॉस्पिटलच्या जेवणावर चिठ्ठी लिहून द्यायच्या. … लायब्ररीच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. कानाचं हवं होतं, नाही का. … ड्रम? शाळेत? अजून आहेत?… तिसऱ्या पिढीची पोरं वाजवतात. अरे वा. … तू जाऊन बसलास का कधी?… जा मग. एकदा जा. वहिनींना सांग, पलंगाची काळजी नको, ड्रम तिथेच राहणार आहेत. … चिमीचं काय लिहायचं? लिही, भावाचा फोन लावून देते आणि स्पीकरवर ठेवते.

… माझं? माझं काय असायचं. सतरा नंबरने एकोणीस नंबरशी लग्न केलं, एवढं पुरे.

… हो, येईन. रविवारी येईन, छापखान्याच्याच रस्त्याने येईन. … दोघं येऊ. … हं. हो गं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू, चपलेतला खडा पन्नास वर्षांनी निघाल्यासारखं. … बरं. … हो. … अगं, ठेव आता, पाचला जायचंय ना ते. … हो, हो, औषध घेतलं. …

थांब, हे बाहेर आले. … काय हो?… चिमी आहे, चिमी. … काही नाही, तिच्या दादाची रेकॉर्ड निघतेय परत. … परत. रेकॉर्ड. … हं. अहो, ऐकलंत का… ती तुमची शिडीवाली रेकॉर्ड कुठे ठेवलीय?… तीच. घोड्याची. … आता का म्हणजे? पुसताच आहात, तर लावा एकदा. … उगाच आपलं. … काढा तर आधी.

चिमे, ठेवते गं. काढतायत.